सिर्गाच्या लॅपटॉपचं दावं

सगळ्यांत आधी टपकली ती जुमाकान. गिऱ्हाईक यायला अवकाश होता, चहाचं आधणसुद्धा ठेवलं नव्हतं, आणि ही आपली डोक्याला नवा रुमाल बांधून, मुठीत सूर्यफुलाच्या बिया घेऊन दारात उभी. मी म्हटलं, काय गं, विकायचाय तो आमचा लॅपटॉप, तू कुठल्या लग्नाला निघालीस? तर म्हणते, "परकी माणसं घरात येणार, साक्षीला कुणी नको का?" साक्षीला! ताई, ही शेजारीण मागे आमची गाय व्यायली तेव्हाही अशीच साक्षीला आली होती, आणि चिकाचं पातेलं रिकामं झाल्याशिवाय हलली नव्हती.

बघ, सलामाआधीच सुरू झाले. माझ्या थोरल्या, मानाच्या उल्कानताईला आत-बाशीहून धाकट्या सायराकानचा वाकून सलाम. तू बरी आहेस ना? गुडघे काय म्हणतात? जीव आणि जनावरं सुखरूप आहेत ना? (बिश्केकात पाचव्या मजल्यावर तुझ्याकडे जनावर कुठलं, हे मला ठाऊक आहे. पण हे विचारल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही, तेव्हा तुझं मांजर सुखरूप आहे असं धरून चालते.) आम्ही इकडे ठीक. मेंढ्या वरच्या कुरणावरून उतरल्या, शेपट्या चांगल्या भरल्यात. माझं अक्षर कोंबडी चालून गेल्यासारखं आहे, त्याला तू हसू नकोस. लोकर कातरायचे दिवस आले की मास्तरांपेक्षा मेंढ्यांना माझी गरज जास्त असायची, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? तू मात्र पुस्तक घेऊन गवताच्या गंजीमागे बसायचीस. असो.

जुमाकान उभी राहू दे दारात, तिला सवय आहे. तोवर मूळ गोष्ट सांगते. माझी नात सिर्गा (तुझ्याकडे आली असताना पडद्यामागे लपून बसली होती ती) आता मोठी झाली आणि हलती चित्रं काढायला लागली. म्हणजे ती लॅपटॉपवर कावळा काढते आणि तो कावळा उडतो. बिश्केकातल्या एका स्टुडिओला तिचा कावळा फार आवडला, आणि त्यांनी सोमवारपासून कामावर ये म्हणून कळवलं. पण येताना चांगलं तगडं यंत्र स्वतःचं आण, म्हणाले, आमच्याकडे जास्तीचं नाही. आता हिचं जुनं यंत्र कसं, तर कावळा एकदा पंख मारतो, दुसऱ्यांदा मारतो, आणि तिसऱ्या वेळी पंख वर धरूनच थांबतो. आम्ही चहा पिऊन येतो, तरी कावळा तसाच. लिहिण्या-वाचण्याला, सिनेमा बघायला ते यंत्र उत्तम, पण कावळ्याला पुरत नाही. तिची शिल्लक आणि या जुन्याची किंमत एकत्र आली तरच नवं यंत्र, नाहीतर ती जागा दुसऱ्या कुणाला. तिचे आईबाप रशियात कामाला, म्हणजे घरात कर्ती मीच. मी सिर्गाला सांगितलं, पोरी, मी आयुष्यभर घोडे, गाई, मेंढ्या विकत आले आणि एकदाही जनावर परत घरी घेऊन आले नाही. लॅपटॉपचं काय घेऊन बसलीस?

सिर्गाने त्याचा फोटो काढून फोनवर टाकला, खाली किंमत लिहिली. किंमत म्हणजे एक तयार मेंढा आणि वर एक कोकरू विकलं की हाती येतील तेवढे पैसे. पलीकडच्या गावातले भूगोलाचे एक मास्तर, बाकास त्यांचं नाव, घ्यायला तयार झाले. मामाला आणि आईला घेऊन बुधवारी येतो म्हणाले. इथपर्यंत सगळं सरळ होतं. मग मंगळवारी जुमाकान मीठ मागायला आली.

आता त्या लॅपटॉपच्या पाठीवर काय होतं ते सांगायला हवं. स्टिकर! एक इंच जागा मोकळी नव्हती. मधोमध मोठा हिमबिबट्या, एका अंगाला चष्मा घातलेला बटाटा, वर झोपलेला पिवळा चंद्र, खाली कुणावर तरी रागावलेला, पोटात मटण भरलेला मांतू, (मांतूला राग का यावा? वाफेवर बसवल्यावर मलाही आला असता म्हणा), शिवाय तिच्या मैत्रिणींनी दिलेली फुलं, पानं, ढग. जुमाकानने ते पाहिलं आणि मीठ विसरली. म्हणाली, "हे असं विकणार? माझ्या भाच्याचा स्टिकरवाला लॅपटॉप अर्ध्या किमतीत गेला. घेणारा तोंडावर म्हणाला, जिथं ठिगळ तिथं भोक!" मी म्हटलं, घोडा कधी उघडाबोडका बाजारात नेतात का? शेपूट विंचरतात, आयाळ बांधतात, कपाळावर गोंडा लावतात. पण माझा कुणी भाचा लॅपटॉपवाला नाही, त्यामुळे माझं कोण ऐकतं? सिर्गा पांढरीफटक पडली आणि नखांनी स्टिकर सोलायला बसली.

बिबट्या अख्खा निघाला, बटाटाही निघाला, ते तिने जपून काचेच्या बशीवर चिकटवून ठेवले. पण खालचा गोंद हटेना. बोट लावलं की बोट चिकटे. सिर्गाने साबण लावला, उकळतं फडकं लावलं, काही नाही. शेवटी मी मधे पडले आणि मेंढीच्या शेपटीची चरबी आणली. ताई, चरबी चोळल्याबरोबर गोंद असा सुटला, जसा सासरवाडीहून जावई सुटतो. मागे वळून बघितलंसुद्धा नाही त्याने! फक्त झालं असं की यंत्राला कोवळ्या मटणाचा वास यायला लागला आणि मांजर त्याच्यावर जाऊन बसलं. मग पाहुण्यांसाठी ठेवलेली व्होडका काढली आणि त्या व्होडकाने यंत्र धुऊन घेतलं. मटणाचा वास पूर्ण गेला नाही, व्होडकाचा मात्र पूर्ण आला. सिर्गा म्हणाली, आजी, आता याला लग्न आटोपून घरी आलेल्या माणसाचा वास येतोय. मी म्हटलं, चांगलंच आहे, असल्या माणसाशी कुणी घासाघीस करत नाही.

पण पुसून बघतो तर काय! स्टिकर गेले होते आणि गेलेही नव्हते. जिथं स्टिकर होते तिथली पाठ नवी कोरी राहिली होती, बाकीची उन्हाने आणि घासून घासून मळकी झाली होती. बिबट्याचं भूत, बटाट्याचं भूत, मांतूचं भूत, सगळे जागच्या जागी! खरूज झालेल्या उंटासारखं दिसत होतं ते. सिर्गाचे डोळे भरून आले. "आजी, हा आता कोण घेणार? सोमवारी मी काय हात हलवत जाऊ?" तशी ती रडकी नाही, तुला माहीत आहे. कुरणावर घोड्यावरून पडली तेव्हा घोड्यालाच ओरडली होती. म्हणून मला लागलं ते.

मी म्हटलं, नाक पूस आणि कात्री आण. शहरात म्हणे लॅपटॉपला अंगभर घालायची तयार झूल मिळते, पण ती मागवली तर येईपर्यंत बर्फ पडेल. माझ्याकडे ईदच्या वेळी फडताळाला लावायला आणलेला चिकट कागद होता, तो गुळगुळीत, पाणी लागलं तरी न भिजणारा. एक लाल, एक गडद निळा. आपल्या आईने लोकरीच्या नमद्याच्या सतरंज्यांना जसं शिकवलं तसंच केलं. दोन्ही रंग एकावर एक ठेवले, खडूने मेंढ्याची शिंगं काढली आणि एकाच कापात दोन्ही कापले. मग लाल शिंगं निळ्यात बसवली, निळी शिंगं लालात बसवली. एक तुकडा वाया नाही. निळ्यावर लाल शिंगं लॅपटॉपला गेली. लालावर निळी उरली ती फ्रिजच्या दाराला लावली. (आता फ्रिज उघडताना मला पाहुण्याच्या घरी आल्यासारखं वाटतं.) बिबट्या, बटाटा वगैरे मंडळी बशीवर सुकून चालली होती, त्यांना मी दुधाची साय काढायच्या यंत्रावर जागा दिली. ताई, तो लॅपटॉप असा नटला होता म्हणून सांगू, की विकूच नये असं वाटावं. सिर्गा मात्र "हं" एवढंच म्हणाली. आजकालच्या मुलांना आनंद व्यक्त करता येत नाही.

तर बुधवारी जुमाकानच्या पाठोपाठ ती मंडळी आली. मामांचा जनावरं वाहायचा छोटा ट्रक, मागे दोन मेंढ्या उभ्या. मामांचं नाव ताश्तान, आत-बाशीच्या बाजारात घोड्यांचे व्यापारी, मिश्या अशा की दोन्ही टोकांना टोपी टांगावी. मास्तर बाकास काटकुळे, लाजरे, आणि त्यांची आई कालिपा, भारदस्त बाई, बसल्याबरोबर माझ्या सतरंजीची शिवण बोटाने तपासली. (शिवण चांगली आहे. तपासू दे.) रीतीप्रमाणे आधी चहा झाला, तळलेले बोरसोक झाले, साय झाली, जर्दाळूचा मुरंबा झाला, पाऊसपाणी आणि गवत झालं. यंत्राचं नावही कुणी काढलं नाही. मग मी सिर्गाला खूण केली आणि तिने रेशमी फडक्याखाली झाकून ते आणलं. फडकं मी काढलं. कालिपा लगेच म्हणाली, "अगं बाई, काय देखणी शिंगं!" मी जुमाकानकडे पाहिलं. ती बिया सोलत होती.

पण मास्तरांचा चेहरा पडला. त्यांनी यंत्र उलटसुलट केलं, खाली वाकून बघितलं, आणि हळूच विचारलं, "यावर बिबट्या होता ना?" फोन काढून त्यांनी सिर्गानेच टाकलेला फोटो दाखवला. त्यात बिबट्या ऐटीत बसलेला! त्यांच्या वर्गात तेव्हा डोंगरांचा धडा चालला होता, आणि मास्तर मुलांना सांगून बसले होते की आपल्याकडे बिबट्यावाला लॅपटॉप येणार. मुलांनी त्याचं नावही ठेवलं होतं. ताई, सिर्गाने जुमाकानकडे असं बघितलं की मी जुमाकान असते तर घर सोडून गेले असते. जुमाकान फक्त म्हणाली, "माझ्या भाच्याला असा मास्तर नाही मिळाला."

मास्तर सायीच्या यंत्राजवळ जाऊन बिबट्याकडे बघत बसले. मी स्पष्ट सांगितलं, मास्तर, ते यंत्र माझ्या सासूचं आहे, ते मिळायचं नाही. तेवढ्यात ताश्तानमामांनी मिश्या आवरल्या. "वहिनी, बाजारात कुणी पाठीवर झूल टाकून घोडा आणला ना, की मी आधी झूल उचलतो. खाली हमखास खोगिराची जखम निघते." मी म्हटलं, उचला की, आमच्या घोड्याची पाठ काही तुमच्या मिश्यांना घाबरत नाही. (सिर्गाने डोळे मिटून घेतले.) मामांनी अंगठ्याच्या नखाने वरचा कोपरा उचलला.

"डाग!" मामा म्हणाले.

"शेपूट!" मास्तर म्हणाले.

आणि मग ते दोघे भांडायला लागले, मला काही करावंच लागलं नाही. मास्तर आणखी सोलायला बघत होते, तर आत पाय निघाला, पाठ निघाली, कान निघाले. बिबट्याचं भूत जसंच्या तसं! मामा त्यांना कोपराने ढोसत होते. "अरे मूर्खा, गिऱ्हाईकाने आनंद दाखवायचा नसतो! तो डाग आहे, डागाचं कोकरू कमी होतं!" मास्तर म्हणे, "मामा, तो डाग नाही, तो बिबट्याच आहे, मुलांना मी सांगेन की बर्फात तो असाच दिसतो, म्हणजे दिसतच नाही." आणि कालिपा दोघांच्या हातावर चापट्या मारत होती, की माझी शिंगं फाडू नका. शेवटी तिच्या शब्दाला मान देऊन सोलणं अर्ध्यावर थांबलं. खाली लाल शिंगांची रांग आणि तिच्यावरून डोकावणारा बिबट्या. ताई, तसं मला कापून करायला सांगितलं असतं तर जमलं नसतं.

मग भाव. मामांनी बाजारात धरतात तसा माझा हात पकडला आणि कोकरू सोडा म्हणाले. मी म्हटलं, कोकरू मेंढ्याबरोबरच जाईल, ते एकटं राहत नाही. ते हात दाबत, मी हात दाबत, (माझा हात दूध काढणारा, त्यांना माहीत नव्हतं). पण मधला माणूस नसेल तर सौदा तुटतो. आणि तेवढ्यात जुमाकानने बिया टाकल्या, उठून आमचे दोघांचे हात आपल्या पंजात धरले आणि घुसळायला लागली. "हो म्हणा! तुम्ही हो म्हणा! तूही हो म्हण गं! बरकत येऊ दे, एका गवताचे खाणारे तुम्ही!" माझा खांदा अजून ठणकतो. पण बाईने सौदा जुळवला, खोटं कशाला बोलू. सिर्गाने लिहिलेल्या किमतीला, वर वाटेसाठी बोरसोक आणि मुरंब्याची बरणी. ओंजळी उघडल्या, दुवा मागितली, हात तोंडावरून फिरवले. सिर्गाने ते पैसे दोनदा मोजले आणि खिशात ठेवले.

पुढे मी तेच केलं जे तू केलं असतंस. घरातून जनावर जातं तेव्हा घरचं नशीब त्याच्याबरोबर जाऊ नये म्हणून आपण त्याची लाळ रुमालाने पुसून ठेवतो ना? मी रुमालाच्या टोकाने यंत्राचा पडदा पुसून घेतला. मामांनी मान डोलावली, समजूतदार माणूस. आणि दावं. विकलेल्या जनावराबरोबर दावं कुणी देतं का? बाबांनी मरेपर्यंत एकही दिलं नाही. भिंतीच्या खुंट्यातून ते काळं दावं मी सोडवून घेतलं, गुंडाळलं आणि दाराजवळच्या खिळ्याला टांगलं. ट्रक निघून गेला. सिर्गाने मला उचलून गिरकी घेतली, जुमाकानने स्वतःलाच चहा ओतून घेतला. ताई, इतकी हलकी मी कित्येक दिवसांत झाले नव्हते.

मग सिर्गाची नजर खिळ्याकडे गेली.

"आजी, हे काय?"

"दावं."

"आजी, हा चार्जर आहे!"

"तेच ते. त्याला बांधायचं."

"आजी, हे दावं नाही! हा त्याचा चारा आहे! याच्याशिवाय ते उद्या सकाळी मरून पडेल!"

मी म्हटलं, मग चारा त्यांच्या घरी नाही का? घोडा विकत घेणारा माणूस विकणाऱ्याच्या घरून गवताचा भारा घेऊन जातो, असं कधी ऐकलंस? ती पेटीवर जाऊन बसली. मास्तरांना फोन लावला तर ते खिंडीपलीकडे पोचलेले, फोन लागेना. तिने पैसे पुन्हा काढले, मांडीवर ठेवले, पुन्हा आत ठेवले. मला कळत होतं. उद्या ते येणार, यंत्र परत करणार, पैसे परत मागणार, आणि हिचा सोमवार गेला.

गुरुवारी आधी कोण आलं, हे तुला सांगायला नको. (नवा रुमाल तोच होता.) पाठोपाठ ट्रक. मास्तर लालबुंद, कालिपाच्या काखेत यंत्र. पण मामा उतरतानाच म्हणाले, "वहिनी, मी याला वाटेत शंभरदा सांगितलं, दावं मागायला जाऊ नकोस, लाज आहे ती. मी बघितलं होतं तुम्हाला ते टांगताना. तुम्ही ते दिलं असतं तर मला यंत्राचाच संशय आला असता!" मास्तर म्हणाले, "मामा, तुम्ही त्याला ट्रॅक्टरची बॅटरी लावत होता!" तर मामा म्हणतात, "मग दुसऱ्याच्या दाव्याला हात लावण्यापेक्षा बरंच की." त्या यंत्राचं दुसरं दावं आत-बाशीत मिळत नाही, मागवलं तर कधी येईल सांगता येत नाही, आणि मास्तरांचा धडा शुक्रवारी. ते म्हणाले, आजी, दावं द्या, नाहीतर यंत्र ठेवा. सिर्गा खिळ्याकडे निघालीच होती. मी तिचा हात धरला.

आता तूच सांग, मी कसं देऊ? एरवी दिलंही असतं, एखाद्या वर्षी नशीब थोडं कमी झालं तर झालं. पण पोरगी घर सोडून शहरात निघाली त्याच आठवड्यात मी घराचं दावं दुसऱ्याच्या हातात देऊ? तिच्या पाठीमागे काय उरेल? मी हे बोलले तसा मास्तरांचा लालपणा उतरला. सिर्गा माझ्या पायाशी बसली. म्हणाली, "मग राहू दे, आजी. पैसे देऊन टाकू." मला तर तेही नको होतं!

मामा मिशी चावत उभे होते. एकाएकी ते ट्रककडे गेले आणि आतून विणलेल्या कातड्याचं, चांदीच्या कडीचं दावं घेऊन आले. त्यांच्या करड्या घोड्याचं. ते त्यांनी माझ्या खिळ्याला टांगलं. "दाव्याला दावं. तुमच्या घराची दावण रिकामी नाही, आमच्याही नाही. आता द्या त्या पोराला त्याचा चारा." मी जुमाकानकडे पाहिलं, साक्षीदार म्हणून तिने विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाली, "चालतं. माझ्या मावशीने एकदा कुत्र्याच्या पिल्लाबद्दल असंच केलं होतं." मग मी दिलं. आमच्याच भिंतीला मास्तरांनी ते लावलं, यंत्र उजळलं, आणि बिबट्या शिंगांवरून बघत होता. सगळ्यांनी मिळून भाजलेलं मटण खाल्लं. सिर्गाने त्या आठवड्यात पहिल्यांदाच दोनदा वाढून घेतलं.

तेव्हा ताई, माझं म्हणणं एवढंच की सजवल्याने किंमत उतरते हे ज्यांना सजवता येत नाही त्यांनी उठवलेलं आहे. आमचं यंत्र नटूनथटून गेलं आणि पूर्ण भावाने गेलं. जुमाकान आता तिच्या कपाटाला शिंगं मागते आहे. मी तिला भाच्याकडून करून घे म्हणून सांगितलं, पण करून देईन.

पत्र सिर्गाच्याच हाती देते आहे, ती शनिवारी पहाटेच्या गाडीने निघेल. बरोबर मुरंबा आणि सुकवलेले दह्याचे गोळे आहेत. तुझ्या घरावर सावली राहो, गुडघ्यांना तेल लाव. तुझी धाकटी, सायराकान.

ता. क. पोरगी तुझ्याकडे "दोन दिवस" राहील असं तिने तुला फोनवर सांगितलं असेल. ते तिचं म्हणणं. माझं म्हणणं, तिला वसंतापर्यंत ठेव. कमी खाते असं ती म्हणेल, ते खोटं आहे. चहात मीठ घालते, हसू नकोस.

ता. क. पाकीट बंद केलं होतं, पुन्हा फोडलं. एक सांगायचं राहिलं. पाठ सजवून झाल्यावर थोडा निळा कागद उरला होता, आणि यंत्राच्या पोटाला बारीक बारीक फटी होत्या, माशाच्या कल्ल्यांसारख्या. दिसायला वाईट, आणि थंडीवारा आत शिरेल म्हणून मी त्या नीट झाकून टाकल्या होत्या. आत्ता मास्तरांचा माझ्या फोनवर फोन आला. यंत्र तव्यासारखं तापतं, आत वारा घुमल्यासारखा आवाज येतो, आणि आज वर्गात नदी समुद्राला मिळायच्या आतच ते बंद पडलं. मागून मामांचा आवाज येत होता, की शर्यतीच्या घोड्याला नमदा टाकून घाम काढतातच, त्याने तो चपळ होतो. पण मास्तरांना ते पटलेलं दिसलं नाही. मी सांगितलं, घेऊन या, मी कात्रीने फटी मोकळ्या करते, दोन मिनिटांचं काम. मला काळजी नाही. वेळ पडली तर मेंढाही तयार आहे माझ्याकडे. पण सिर्गाला यातलं काही कळलेलं नाही, आणि कळलं तर ती गाडीतून उतरून पैसे परत द्यायला धावेल, तशी सरळ पोरगी आहे. म्हणून ताई, तिला शनिवारी गाडीतून उतरल्याबरोबर, चहा न पाजता, दुकानात ने. नवं यंत्र घ्यायला लाव. पैशाचं एकदा यंत्र झालं की कुणाला देता येत नाही. आणि रविवारी दिवसभर तिचा फोन तुझ्या उशीखाली ठेव, कारण मंडळी तिघंही रविवारी, जनावरांचा बाजार उरकला की, यंत्र घेऊन येतो म्हणालीत.